चहाचे मळे, बांबूची घरे आणि किल्लारीचे दगड

दिवाळीची सुट्टी जवळ येऊ लागली, की वृत्तपत्रांतील सहलींच्या जाहिरातींवरून मराठी मध्यमवर्गाची पावले कोणत्या दिशेला वळत आहेत, याचा अंदाज येतो. काशी-रामेश्वराच्या यात्रेपासून सुरू झालेला हा प्रवास काश्मीर, कुलू-मनाली आणि केरळमार्गे थायलंड-सिंगापूरपर्यंत पोहोचला. अलीकडच्या काळात या यादीत ईशान्य भारताने ठळक स्थान मिळवले आहे. गुवाहाटी, काझीरंगा, शिलाँग, चेरापुंजी आणि जमल्यास माजुली किंवा तवांग अशी सात-आठ दिवसांची सहल आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. दळणवळणाच्या सोयीही वाढल्या. लोहित नदीवरील नऊ किलोमीटरहून अधिक लांबीचा भूपेन हजारिका सेतू २०१७ मध्ये, तर ब्रह्मपुत्रेवरचा बोगीबील पूल २०१८ मध्ये खुला झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मिझोरामची राजधानी ऐझॉलही रेल्वेने जोडली गेली. एकेकाळी केवळ भूगोलाच्या पुस्तकात भेटणारा हा प्रदेश आवाक्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

या सहलीत पाहण्याच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. जोरहाट-दिब्रुगडच्या परिसरातील चहाचे मळे, काझीरंगातील एकशिंगी गेंडा, खासी टेकड्यांतील झाडांच्या मुळांपासून विणलेले जिवंत पूल, माजुली बेटावरील सत्रे आणि मिसिंग जमातीची खांबांवर उभी असलेली घरे. या सर्वांची छायाचित्रे काढली जातात. परंतु ज्या घरासमोर उभे राहून छायाचित्र काढले, ते घर तसे का बांधले आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. मराठी पर्यटकाने, त्यातही लातूर-उस्मानाबाद-नांदेडकडील पर्यटकाने, हा प्रश्न आवर्जून विचारायला हवा. कारण या प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्याची किंमत किल्लारी परिसराने एका रात्रीत मोजली आहे. आणि आज ईशान्य भारत ज्या वाटेने निघाला आहे, ती वाट मराठवाड्याच्या ओळखीची आहे. दुर्दैव असे, की त्या वाटेवरची गर्दी वाढवण्यात पर्यटकांचाही हात आहे.

किल्लारीत काय कोसळले?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची मिरवणूक आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर, तेरणा नदीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी नोंदली गेली. जगाच्या हिशेबात हा मध्यम स्वरूपाचा भूकंप. तरीही किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठ सांगवी, राजेगाव अशी गावेच्या गावे ढिगाऱ्यात बदलली. वेगवेगळ्या नोंदींनुसार मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले.

माणसे भूकंपाने मरत नाहीत, घरांनी मरतात, हे वाक्य भूकंपशास्त्राच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले जाते. किल्लारीने ते खरे करून दाखवले. या भागातील घर म्हणजे माळवदाचे घर. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्यांत सिमेंट किंवा चुना नव्हे तर माती. भिंतीचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये दगडांचे तुकडे व माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार जोडणारे लांब दगड क्वचितच वापरलेले. डोक्यावर लाकडी तुळया-फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी या थरात भर पडत असे. वर्षानुवर्षे छत असे जड होत गेले. उन्हाळ्यात घर गार राही, चोराला भिंत फोडता येत नसे आणि दगडी घराला गावात मान असे. जितकी भिंत जाड, तितका घरधनी मोठा, असा साधा हिशेब होता.

त्या पहाटे हा हिशेब उलटा झाला. भिंतींचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, दगड ढासळले आणि छताची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. याउलट गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांनी धक्के बरेचसे पचवले. ज्यांच्याकडे दगडाचे घर बांधण्याइतका पैसा नव्हता, त्यांच्यापैकी अनेक जण त्यामुळेच वाचले. जे 'पक्के' समजले जात होते ते घातक ठरले आणि जे 'कच्चे' म्हणून हिणवले जात होते ते तारक ठरले.

या घटनेला आणखी एक बाजू आहे. त्या काळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनच्या पठाराविषयीच्या समजुतींना धक्का दिला होता, पण तो धडा कोयनेपुरताच राहिला. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका जाणवली, लोक भयभीत झाले, परंतु पुढे धक्के ओसरले आणि विषय मागे पडला. स्थानिक स्मरणात मोठ्या भूकंपाची आठवणच नव्हती. त्यामुळे घर बांधताना भूकंपाचा विचार करण्याचे कारण गवंड्यालाही नव्हते आणि मालकालाही नव्हते. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा बदलायला माणसे जावी लागली.

आसामने काय जपले?

आता ईशान्येकडे पाहू. १२ जून १८९७ रोजी सायंकाळी शिलाँगच्या पठाराखाली आठहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या भूकंपाच्या शेकडो पट होती. शिलाँगमधील दगडी आणि विटांच्या इमारती, ज्यात इंग्रज सरकारच्या कचेऱ्याही होत्या, जमीनदोस्त झाल्या. मृतांची संख्या मात्र पंधराशेच्या आसपास राहिली आणि त्यांतील बरेच जण खासी टेकड्यांत दरडी कोसळल्याने दगावले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी या भूकंपाचा सविस्तर अभ्यास केला. भूकंपलहरींचे प्रकार ओळखण्याच्या शास्त्राला त्यातून मोठी चालना मिळाली.

१५ ऑगस्ट १९५० रोजी, देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना, आसाम-तिबेट सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. उपकरणांनी नोंदवलेल्या जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांत त्याची गणना होते. डोंगर खचले, सुबनसिरी नदीचा प्रवाह दरडींनी अडला आणि काही दिवसांनी तो बांध फुटून पूर आला. गाळाने ब्रह्मपुत्रेचे पात्र उंचावले. आज माजुली बेट पाहताना मार्गदर्शक नदीच्या पोटात गेलेल्या जमिनीची जी कथा सांगतो, तिचे एक मूळ या भूकंपात आहे. इतक्या प्रलयंकारी घटनेतही आसाममधील मृतांची संख्या पंधराशेच्या घरात होती.

ही तुलना करताना सावधगिरी हवी. १८९७ चा भूकंप सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास झाला, लोक घराबाहेर होते. १९५० चा रात्री आठच्या आत झाला आणि त्याचे केंद्र विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात होते. किल्लारीचा भूकंप गाढ झोपेच्या वेळी, अगदी उथळ खोलीवर आणि थेट दाट वस्तीच्या गावांखाली झाला. हा फरक मोठा आहे. पण तो लक्षात घेऊनही घराचा मुद्दा उरतोच. आसामातील सामान्य माणसाचे घर बांबूचे, कुडाचे, हलके होते.

१८९७ नंतर इंग्रजांनीही हा धडा घेतला. स्थानिक बांधणीतून आणि अनुभवातून जी पद्धत रूढ झाली ती आज 'आसाम टाइप' घर म्हणून ओळखली जाते. जोते आणि खिडकीच्या खालपर्यंतची भिंत विटांची किंवा दगडाची, त्यावर लाकडी खांब व आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, सांगाड्याच्या चौकटींत इकरा नावाच्या उंच गवताच्या काड्या आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण किंवा चुन्याचा गिलावा. वर उतरते पत्र्याचे छप्पर. जमीन हलली तर सांगाडा डोलतो, गिलाव्याला तडे जातात, एखादी चौकट निखळते. पण डोक्यावर कोसळेल असे वजनच घरात नसते. शाळा, कचेऱ्या, रेल्वेचे बंगले, चहामळ्यांच्या व्यवस्थापकांची निवासस्थाने याच पद्धतीने उभी राहिली. मळ्यातील खांबांवर उचललेला 'चांग बंगला' पर्यटकांना आता खास अनुभव म्हणून दाखवला जातो. मिसिंग लोकांचे 'चांग घर' हे त्याहून जुने. पूर आला की पाणी खालून वाहून जाते, भूकंप आला की बांबू वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. या घरांना मागासलेपणाची खूण समजणाऱ्या पर्यटकाने किल्लारीची रात्र आठवावी.

लाकूड गेले आणि घर बदलले

मग मराठवाड्यात असे शहाणपण नव्हते काय? होते. येथील जुन्या वाड्यांत छताचा भार लाकडी खांबांवर असे. भिंत फक्त आडोशाला. भिंत पडली तरी खांब-तुळयांची चौकट छत तोलून धरी. १९९३ मध्येही ज्या घरांत ही लाकडी चौकट मजबूत होती, तेथे छत तरले आणि माणसे वाचली, अशी उदाहरणे अभ्यासकांनी नोंदवली आहेत. परंतु मराठवाड्यातील जंगल विरळ होत गेले, सागवान सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले, तशी खांबांची संख्या घटली. तुळया थेट मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर टेकू लागल्या. घराचे रूप तेच राहिले, पण त्याचा कणा निघून गेला होता. हा बदल दोन-तीन पिढ्यांत इतक्या हळूहळू झाला, की तो कोणाच्या ध्यानातही आला नाही.

ईशान्येत आज नेमके हेच घडते आहे, फक्त साहित्य वेगळे आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वृक्षतोडीवर आणि ईशान्येतून लाकूड बाहेर नेण्यावर कठोर निर्बंध घातले. जंगले वाचवण्यासाठी ते आवश्यकच होते. मात्र त्यामुळे इमारती लाकूड दुर्मीळ व महाग झाले. इकरा ज्या दलदलीच्या जमिनीत वाढतो, त्या जमिनी शहरांच्या विस्तारात बुजल्या. हे काम जाणणारे सुतारही कमी झाले. सिमेंट आणि लोखंड मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. शिवाय पक्क्या घराची प्रतिष्ठा आहे, आणि सरकारी घरकुल योजनांची भाषाही 'पक्के घर' हीच आहे. गुवाहाटी, शिलाँग, कोहिमा, ऐझॉल, गंगटोक या शहरांत गेल्या काही दशकांत काँक्रीटच्या बहुमजली इमारतींची दाटी झाली ती अशी.

सिमेंट काँक्रीट हे काही पाप नव्हे. योग्य आराखडा, खांब-तुळयांच्या जोडांवर पुरेशा आणि नीट वाकवलेल्या रिंगा, चांगली वाळू, पुरेसे पाणी मारणे आणि देखरेख असेल, तर काँक्रीटची इमारत मोठ्या भूकंपातही माणसांचा जीव वाचवते. जपानने ते सिद्ध केले आहे. प्रश्न अभियंत्याशिवाय, गवंड्याच्या अंदाजावर उभ्या राहणाऱ्या काँक्रीटचा आहे. डोंगरउतारावर पुढचे खांब आखूड आणि मागचे लांबलचक, तळमजला गाड्यांसाठी मोकळा, वर चार मजले आणि पुढे वाढवण्यासाठी छतावर उघड्या ठेवलेल्या सळया, हे दृश्य ईशान्येतील कोणत्याही डोंगरी शहरात दिसते. २०११ च्या सिक्कीम भूकंपात गंगटोकमधील अशा अनेक इमारतींना तडे गेले. ४ जानेवारी २०१६ च्या मणिपूर भूकंपात इंफाळमधील सुप्रसिद्ध महिला बाजाराच्या नव्या इमारतींचेच मोठे नुकसान झाले. २८ एप्रिल २०२१ रोजी आसाममधील सोनितपूर जिल्ह्यात ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गुवाहाटीपर्यंत इमारतींना भेगा पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये उदालगुडी परिसरातील धक्क्याने पुन्हा आठवण करून दिली. हे सारे भूकंप १८९७ आणि १९५० च्या तुलनेत किरकोळ होते. २००२ च्या नकाशात सातही भगिनी राज्ये संपूर्णपणे सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या विभागात आहेत. १९५० ची प्रत्यक्ष आठवण असणारी पिढी आता जवळपास संपली आहे. मराठवाड्याच्या स्मरणात भूकंप कधी नव्हताच. आसामच्या स्मरणातून तो आता पुसला जातो आहे. परिणाम मात्र सारखाच होण्याची भीती आहे.

पर्यटकाची खोली

या बदलात पर्यटकाचा वाटा किती? शहरांतील बांधकामाची मुख्य कारणे लोकसंख्या, नोकऱ्या आणि जमिनीच्या किमती हीच आहेत. तो दोष पर्यटकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु काझीरंगाभोवती कोहोरा-बागोरीच्या परिसरात, चेरापुंजीच्या वाटेवर किंवा तवांगमध्ये जी हॉटेले उभी राहतात, ती पर्यटकाच्या मागणीनुसारच. खोलीला जोडून स्नानगृह हवे, चोवीस तास गरम पाणी हवे, खिडकीतून दरी दिसायला हवी, एका बसमधील चाळीस माणसे एकाच ठिकाणी उतरायला हवीत. या अपेक्षा गैर नाहीत, विशेषतः सोबत ज्येष्ठ मंडळी असताना. पण त्यांची बेरीज होऊन उतारावर चार मजली इमारत उभी राहते. गावातील एखादे कुटुंब आपले बांबूचे घर पाडून 'होमस्टे'साठी स्लॅबच्या दोन खोल्या काढते, तेव्हाही ते पर्यटकाची आवड हेरूनच.

काझीरंगाचे उदाहरण घेऊ. १९७४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले हे अरण्य ब्रह्मपुत्रेच्या पुरावर जगते. २०२२ च्या गणनेत येथे २,६१३ गेंडे आढळले. पूर आला की प्राणी महामार्ग ओलांडून दक्षिणेकडील कार्बी आंगलाँगच्या उंच टेकड्यांवर जातात आणि पाणी ओसरले की परततात. या वाटाच बंद झाल्या तर अरण्याला अर्थ उरत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ निश्चित प्राणिमार्गांतील खासगी जमिनींवर नव्या बांधकामास मनाई केली. प्राणी पाहण्यासाठी आलेल्या माणसाची खोलीच प्राण्यांच्या वाटेत यावी, हा विरोधाभास न्यायालयाला दूर करावा लागला. भूकंपाच्या बाबतीत असा निवाडा कोणी मागितलेला नाही. तेथे हिशेब थेट जमीन घेते.

चहाच्या मळ्यातील चित्रही पूर्ण पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर, ओडिशा आदी भागांतून आणलेल्या आदिवासी मजुरांच्या वंशजांवर आसामचा चहा उभा आहे. मूळ प्रदेशांत अनुसूचित जमातीत गणले जाणारे हे समूह आसामात मात्र त्या दर्जासाठी पिढ्यान्पिढ्या मागणी करीत आले आहेत. मळ्यात कामगारांना घरे देण्याची जबाबदारी १९५१ च्या मळा कामगार कायद्याने मालकांवर टाकली होती. मालकाचा हवेशीर चांग बंगला आज पर्यटकांसाठी खुला आहे. मजुरांच्या 'लाइनी' मात्र सहलीच्या कार्यक्रमात नसतात. मराठवाड्याच्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. साखर कारखान्याची चिमणी सर्वांना दिसते, ऊसतोड कामगाराची कोपी कोणी पाहायला जात नाही, तसलाच हा प्रकार.

बघे आणि पाहुणे

आदिवासी गावे 'पाहण्या'विषयीही किल्लारीला काही सांगता येईल. भूकंपानंतरच्या दिवसांत या गावांकडे मदतीचा ओघ लागला, तसाच बघ्यांचाही लागला. वाहनांची गर्दी झाली, पुढाऱ्यांचे दौरे झाले, ढिगाऱ्यांसमोर छायाचित्रे निघाली. त्यांतील अनेकांच्या मनात खरी सहानुभूती होती. पण ज्यांचे घर पडले आहे त्यांच्या दृष्टीने, आपल्याकडे पाहून निघून जाणारा माणूस आणि थांबून विचारपूस करणारा माणूस यांत फरक असतो. हा फरक ज्या प्रदेशाने सोसला, तेथून जाणाऱ्या पर्यटकाने खासी किंवा मिसिंग गावात शिरताना तो विसरू नये. यजमानाच्या घरात राहावे, त्याच्या हातचे जेवावे, घर कोणी बांधले, खांब किती वर्षे टिकतो, दुरुस्तीला किती खर्च येतो हे विचारावे. नागालँडमधील खोनोमा गावाने १९९८ मध्ये स्वतःहून शिकार थांबवून ट्रागोपान पक्ष्यासाठी अभयारण्य राखले आणि पाहुण्यांचे स्वागत आपल्या अटींवर केले. गाव ठरवते आणि पाहुणा ते मानतो, असे पर्यटन शक्य आहे, हे या गावाने दाखवले.

पर्यटकाच्या रुपयाला वजन आहे. बांबूच्या किंवा आसाम पद्धतीच्या घरातील खोलीला काँक्रीटच्या खोलीइतकेच, किंबहुना जास्त भाडे मिळते असे दिसले, तर ते घर पाडले जाणार नाही. सहल कंपन्यांना हे जमण्यासारखे आहे. एका हॉटेलाऐवजी गावातील आठ-दहा घरांत चाळीस पाहुणे विभागता येतात. जेथे मोठ्या हॉटेलशिवाय पर्याय नाही, तेथे इमारतीचा आराखडा भूकंपरोधक मानकांनुसार आहे काय, हे करार करण्यापूर्वी विचारता येते. न्याहारीत काय मिळेल याची चौकशी करणारी कंपनी हा प्रश्नही विचारू शकते. राज्य सरकारांनी पर्यटनासाठी अनुदान देताना हलक्या बांधणीला, प्रक्रिया केलेल्या बांबूला आणि सुतारांच्या प्रशिक्षणाला प्राधान्य द्यायला हवे. बांबूला कीड लागते, आगीचा धोका असतो, दर काही वर्षांनी दुरुस्ती करावी लागते, हे आक्षेप खरे आहेत. त्यांवर तांत्रिक उपाय उपलब्ध आहेत. त्यासाठी पैसा आणि इच्छा लागते, आणि हा पैसा पर्यटनातून येऊ शकतो.

किल्लारीचे आजचे घर

हा उपदेश दुसऱ्यांना करताना स्वतःच्या अंगणातही डोकावले पाहिजे. जागतिक बँकेच्या साह्याने राबवलेला किल्लारीचा पुनर्वसन प्रकल्प देशातील अशा पहिल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक होता. स्थलांतरित गावांत जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घरे मजबूत होती, रस्ते रुंद होते. पण शेतकऱ्याचे बैल, कडबा, धान्य आणि वाढते कुटुंब अडीचशे-चारशे चौरस फुटांत मावणे शक्य नव्हते. त्यामुळे घराला जोडून खोल्या निघाल्या. अनेक ठिकाणी या वाढीव खोल्या जुन्याच सवयीने, भूकंपरोधक पट्ट्यांशिवाय बांधल्या गेल्या. मूळ घर सुरक्षित आणि त्याला टेकलेली खोली असुरक्षित, अशी विचित्र अवस्था निर्माण झाली. १९९३ नंतर जन्मलेली मुले आता स्वतः घरे बांधण्याच्या वयाची झाली आहेत. त्यांच्यासाठी भूकंप ही आई-वडिलांनी सांगितलेली गोष्ट आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. परंतु भिंतीत आरपार दगड का घालावा, हे त्या दिवशी गवंड्याला कोणी सांगत नाही.

या परिसराने हे ज्ञान एकदा कमावले होते, हे विशेष. दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. शासन आणि गावकरी यांच्यातील दुवा त्या बनल्या. भिंत कशी बांधायची, पट्टा कोठे घालायचा, अनुदान कसे मिळवायचे हे त्यांनी शिकून घेतले आणि घरोघरी पोहोचवले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा महिला गुजरातेत गेल्या. तेथील बायकांजवळ बसून त्यांनी आपला अनुभव सांगितला. मराठवाड्यातून निघालेला तो प्रवास खऱ्या अर्थाने अभ्यासदौरा होता. तेथे पाहुणे आणि यजमान एकाच संकटातून गेलेले होते.

भूजमध्ये २०२२ साली 'स्मृतिवन' हे भूकंप संग्रहालय उभे राहिले आणि ते आज कच्छच्या पर्यटनाचा भाग आहे. किल्लारीला तेवढे भव्य काही नको. जुन्या गावाच्या जागी माळवदाची एक खरी भिंत कापून दाखवावी, तिच्याशेजारी आरपार दगड घातलेली भिंत असावी, आणि तिसरे घर आसाम पद्धतीचे, इकऱ्याचे किंवा आपल्याकडच्या कुडाचे बांधावे. खरोसा लेणी किंवा औशाचा किल्ला पाहायला येणारी शाळेची सहल तेथे तासभर थांबली, तरी पुढच्या पिढीचे बरेच काम होईल. ईशान्येतील अभियंते आणि सुतार यांना बोलावून हे घर बांधून घेतले, तर तेही किल्लारी पाहून जातील. जड छताखाली काय होते हे त्यांनी पाहण्याची गरज आपल्या गरजेपेक्षा आज कमी नाही.

यंदा ईशान्येला निघालेल्या मराठी पर्यटकाने गेंडा जरूर पाहावा, ब्रह्मपुत्रेवरचा सूर्यास्त पाहावा, मळ्यातला चहा घ्यावा. फक्त मुक्कामाची खोली निवडताना डोक्यावरचे छत कशाचे आहे आणि ते कशावर उभे आहे, एवढे विचारावे. किल्लारीत हा प्रश्न १९९३ पूर्वी कोणी विचारला नव्हता. आसामात तो एकेकाळी प्रत्येक सुताराला ठाऊक होता आणि आता विसरला जातो आहे. तेथील यजमानाला त्याची आठवण मराठवाड्यातून आलेल्या पाहुण्याने करून द्यावी. तो अधिकार या मातीने फार मोठी किंमत देऊन मिळवला आहे.